हमीभाव बघून पीक ठरवताय? पेरणीआधीचा हिशोब, पायरीपायरीने

खरिपाचे हमीभाव जाहीर झाले की दोन दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच तक्ता फिरतो आणि त्याखाली तोच प्रश्न येतो: यंदा वाढ कशाला जास्त, काय पेरायचं? पीक ठरवायची ही सगळ्यांत धोक्याची रीत. २०२५-२६ च्या खरिपात सर्वाधिक वाढ कारळे या तेलबियाला मिळाली, क्विंटलमागे ८२० रुपये, आणि भाव गेला ९,५३७ वर. पण तुमच्या तालुक्यात कारळ्याचं सरकारी खरेदी केंद्र कोणी पाहिलंय का? केंद्रच नसेल तर तो भाव तक्त्यातच राहतो.

चूक दरवर्षी त्याच क्रमाने होते. आधी वाढीचा आकडा पाहिला जातो, मग बियाणं येतं, मग पेरणी होते आणि माल घरात आल्यावर विचारलं जातं की केंद्र कधी सुरू होणार. खाली हा क्रम उलटा केला आहे. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन, कापूस, तूर, मका, मूग, उडीद यांतून निवड करणाऱ्या कोरडवाहू किंवा थोडंफार पाणी असलेल्या शेतकऱ्याला समोर ठेवून हे लिहिलंय. भाव २०२५-२६ च्या हंगामाचे आहेत. तुम्ही हिशोब मांडाल तेव्हा तुमच्या हंगामाचे घाला, रीत तीच राहील.

आधाराला एवढे आकडे हाताशी ठेवा: सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००, मूग ८,७६८, उडीद ७,८००, मका २,४००, संकरित ज्वारी ३,६९९, मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. सगळे रुपयांत, क्विंटलला.

१. मे महिन्यात कागद काढून बसा

जाहीर होण्याची वाट बघत हात बांधून बसू नका. २०२३ मध्ये खरिपाचे हमीभाव ७ जूनला आले, २०२४ मध्ये १९ जूनला, २०२५ मध्ये २८ मे रोजी. ज्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात ठिबकवर कापूस लावायचा आहे, त्याच्या दृष्टीने १९ जून म्हणजे वरातीमागून घोडं. गेल्या वर्षीचा भाव धरून हिशोब मांडून ठेवा, नवा आला की तेवढा आकडा बदला.

काढायचे कागद हे:

– मागच्या तीन वर्षांच्या आडत्याच्या पट्ट्या. पट्टीवरचा वरचा भाव पाहू नका. हमाली, तोलाई आणि कट्टी (वजनातली कपात) जाऊन हातात काय पडलं ते पाहा.
– प्रत्येक पिकाचा एकरी उतारा, तिन्ही वर्षांचा. त्यात एक तरी वाईट वर्ष हवं.
– एकरी खर्च: बियाणं, खत, फवारणी, तणनाशक, निंदणी, काढणी, मळणी, वाहतूक.
– तुमच्या बाजार समितीतले काढणीच्या महिन्यातले भाव. सोयाबीनला ऑक्टोबर-नोव्हेंबर, तुरीला जानेवारी-फेब्रुवारी. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर समितीनिहाय आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतो. त्यातला सर्वसाधारण भाव घ्या.
– जवळच्या खरेदी-विक्री संघात किंवा शेतकरी कंपनीच्या केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा: गेल्या हंगामात काटा (मालाची मोजणी) कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या तारखेला बंद झाला, पैसे किती दिवसांत खात्यात आले.

शेवटची माहिती कोणी घेत नाही आणि पुढचा अर्धा हिशोब तिच्यावरच उभा आहे.

तपासा: तुमचा एकरी खर्च भागिले एकरी उतारा म्हणजे तुमचा क्विंटलचा खर्च. तो सरकारने धरलेल्या खर्चाशी लावून बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा सरकारी खर्च ३,५५२ धरला आहे आणि त्याच्या दीडपटीने ५,३२८ आला. हा देशभराचा सरासरी खर्च आहे. त्यात खिशातून गेलेले पैसे आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज येत नाही. त्यामुळे "दीडपट" हा शब्द वाचून आपल्यालाही पन्नास टक्के सुटतील असं धरू नका. ठोक्याने (ठरावीक खंडाने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्याने) जमीन केली असेल तर ठोक्याची रक्कम किंवा मालकाचा वाटा तुम्हालाच वरून धरावा लागेल.

२. प्रत्येक पिकाच्या हमीमागे खरेदी किती, ते ठरवा

इथे सगळ्यांत जास्त वेळ घाला.

हमीभाव हा व्यापाऱ्यावरचा कायदेशीर दर आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. केंद्र सरकार कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून २२ पिकांचा भाव जाहीर करतं, पण तो भाव तुमच्या हातात पडायचा तर सरकारच्या वतीने कोणीतरी माल विकत घ्यावा लागतो, किंवा बाजारच त्या भावाच्या वर असावा लागतो. म्हणून पीक निवडताना भावाइतकाच हा प्रश्न मोठा: आपल्याकडे हे पीक कोण, केव्हा आणि किती घेतं?

धान. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाची केंद्रं वर्षानुवर्षं चालू आहेत. २०२४-२५ ला राज्याने वरून हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहन म्हणून दिले. तिथला शेतकरी धान सोडत नाही यामागे तळ्यांचं पाणी आणि जमीन आहेच, पण माल पडून राहणार नाही ही खात्रीही आहे. पंजाब धान-गव्हातच अडकून राहिला, त्याचं मूळही खरेदीतच आहे.

ऊस. हा हमीभावाच्या यादीत नाही. त्याला रास्त आणि किफायतशीर दर आहे, २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. फरक असा की हा दर कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे आणि पैसे १४ दिवसांत द्यायचे आहेत. कारखाने थकवतात, ते वेगळं भांडण आहे. तरीही पाणी दिसलं की माणूस उसाकडे का वळतो, याचं उत्तर या बंधनात आहे.

कापूस. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, बाजार पडला की उतरतं आणि मोठी खरेदी करतं. अटी मात्र कडक. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे टक्क्याला टक्का कपात. १२ च्या वर गेला तर कापूस परत. २०२५-२६ पासून कपास किसान अॅपवर आधी नोंदणी करावी लागते. केंद्र लांब असेल आणि गावात खेडा खरेदीवाला दारात उभा असेल, तर गरजेपोटी पहिली वेचणी त्यालाच जाते, हेही हिशोबात धरा.

तूर. तूर, उडीद आणि मसूर यांच्या खरेदीवरची, उत्पादनाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच घ्यायची मर्यादा केंद्र सरकारने उठवली आहे. कागदावर ही हमी मजबूत आहे. प्रत्यक्षात खरेदी केंद्र कधी सुरू होतं आणि तोवर तुम्ही थांबू शकता का, त्यावर ती टिकते.

सोयाबीन. नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्र सरकारच्या वतीने माल घेणाऱ्या सहकारी संस्थांसाठी राज्यातल्या संस्था खरेदी करतात. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. राज्यात ११ लाख टनांहून जास्त सोयाबीन घेतलं गेलं. ही मोठी खरेदी होती. पण आपल्याकडे सोयाबीनचा पेरा ५० लाख हेक्टरच्या घरात आहे. बहुतेक माल बाजारातच, खालच्या भावाने गेला. शिवाय खरेदीला हेक्टरी मर्यादा असते, जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेवर ठरलेली. तुमचा उतारा गावात सगळ्यांत चांगला आला तरी वरचा माल बाजारात न्यावा लागतो.

मूग, उडीद. भाव डोळ्यांत भरतो, पण शेंगा ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये तोडल्या जातात. २०२५ मध्ये नोंदणी ऑक्टोबरच्या अखेरीस उघडली आणि काटा नोव्हेंबरच्या मध्यापासून. मधले दोन महिने पावसाळी हवेत मूग घरात सांभाळणारे थोडेच.

मका. इथेनॉलमुळे मागणी वाढली, भाव सुधारला, २०२५ च्या खरिपात पेरा वाढला आणि काढणीला भाव २,४०० च्या बराच खाली उतरला. डाळी-तेलबियांसारखी मोठी खरेदी मक्याची होत नाही.

आता कागदावर प्रत्येक पिकापुढे तीनपैकी एक शेरा मारा: "नक्की घेतात", "घेतात पण सगळं नाही", "फक्त नावाला". हा शेरा तुमच्या तालुक्यापुरता आहे. शेजारच्या जिल्ह्यात तो वेगळा असू शकतो.

इशारा: "यंदा सगळा माल घेणार" या घोषणेवर शेरा बदलू नका. गेल्या हंगामात तुमच्या केंद्रावर प्रत्यक्ष किती गाड्या मोजल्या गेल्या, त्यावरच शेरा ठरवा.

३. सरकारचा दुसरा हातही बघा

हमीभाव पेरणीच्या तोंडावर येतो. बाजारभाव हलवणारे बाकीचे निर्णय वर्षभर येत राहतात आणि त्यातले बरेच पीक उभं राहिल्यावर. हे दोन्ही जोडून वाचले नाहीत तर पेरा चुकतो.

सोयाबीनचं २०२५ चं उदाहरण बघा. २८ मे रोजी हमीभाव ४३६ रुपयांनी वाढला. ३० मे रोजी कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. दोन दिवसांच्या अंतराने एक निर्णय सोयाबीन पेरा म्हणत होता आणि दुसरा त्याच सोयाबीनचा बाजार दाबत होता. आणि फक्त तेलाकडे पाहूनही चालत नाही. सोयाबीनमधून तेल निघतं १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळी पेंड. पेंडीला गिऱ्हाईक कमी असलं की गिरणीवाला वरचा भाव देतच नाही. आणि इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा, तांदळाचा चोथा हल्ली कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतोय.

कापसाचं तसंच. कपाशी पात्या-बोंडांवर असताना १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. तेव्हा शेतकऱ्याच्या हातात बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशा वर्षी सीसीआयचा काटा हाच आधार राहतो, म्हणून दुसऱ्या पायरीतला शेरा इतका महत्त्वाचा.

तुरीचा धडा जुना आहे आणि तरी विसरला जातो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. पुढच्या खरिपात हमीभाव बोनससह ५,०५० झाला, पाऊस चांगला झाला, सगळ्यांनी तूर पेरली. देशाचं उत्पादन सुमारे २६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या वर गेलं. बाजार हमीभावाच्या खाली कोसळला, केंद्रांवर बारदाना संपला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात लोक ट्रॅक्टरखाली मुक्काम करून मापाची वाट बघत राहिले. त्यानंतर भाव चढला, २०२३-२४ मध्ये दहा हजारांवर गेला, शुल्कमुक्त आयात चालू राहिली आणि २०२५ मध्ये तूर पुन्हा हमीभावाच्या खाली आली.

पेरणीआधी एवढं तपासा:

– त्या पिकाची आयात खुली आहे का, आणि शुल्कमुक्तीची मुदत कधी संपते. ती तुमच्या काढणीच्या महिन्यापलीकडे जात असेल तर चढ्या भावाची आशा कमी धरा. तुरीसोबत पिवळ्या वाटाण्याचीही आयात बघा. तो स्वस्त आला की हरभऱ्याचा भाव पडतो.
– गेल्या हंगामात सरकारने घेतलेला माल अजून गोदामात आहे का. तुमची काढणी आणि त्याची विक्री एकाच वेळी आली तर बाजार दबतो.
– कृषी सेवा केंद्रात कोणत्या बियाण्याला झुंबड आहे. कृषी विभागाचा साप्ताहिक पेरणी अहवाल नंतर येतो, दुकानातली रांग आधी दिसते. सगळे एकाच पिकामागे असतील तर तुमच्या कागदावरचा बाजारभाव खाली आणा.

४. तीन भावांत एकरी हिशोब

भाव क्विंटलचा असतो, शेत एकराचं. सोयाबीन ५,३२८ आणि तूर ८,००० म्हणून तूर भारी, असं म्हणणारा उतारा विसरलेला असतो.

प्रत्येक पिकाला तीन भाव लावा. पहिला, सगळा माल हमीभावाने गेला तर. दुसरा, काही केंद्रावर आणि काही बाजारात गेला तर. तिसरा, केंद्र वेळेत उघडलंच नाही तर.

समजा सोयाबीन एकरी ६ क्विंटल येतं आणि काढणीचा बाजारभाव ४,३०० आहे.

पहिला: ६ × ५,३२८ = ३१,९६८ रुपये.

दुसरा: ४ क्विंटल केंद्रावर, २ बाजारात. २१,३१२ + ८,६०० = २९,९१२. केंद्रावर नेलेल्या चार क्विंटलची चाळणी, भाडं, हमाली क्विंटलला १५० धरून ६०० वजा. उरले २९,३१२, म्हणजे सरासरी ४,८८५ रुपये क्विंटल. तुमचा खरा हमीभाव हा.

तिसरा: ६ × ४,३०० = २५,८०० रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्यात एकरी ६,१६८ रुपयांचं अंतर आहे. पाच एकरांवर ते तीस हजारांच्या वर जातं. ज्याने पहिला भाव धरून उधारीचं खत उचललं, त्याच्या घरात दिवाळीला हे अंतर आ वासून उभं राहतं.

यातून धरायचा नियम साधा: पीक निवडताना दुसरा भाव लावा, कर्ज आणि उधारी ठरवताना तिसरा.

कापसाला हाच हिशोब लावताना एक गोष्ट वेगळी. वेचणीची मजुरी किलोवर जाते, त्यामुळे उत्पादन वाढलं की खर्चही वाढतो. लांब धाग्याचा कापूस ११ टक्के ओलाव्याने नेला तर ३ टक्के कापून ८,११० चे ७,८६७ होतात. वेचणी किलोला १० रुपये धरली तर क्विंटलला हजार गेले, राहिले ६,८६७. गाडीभाडं अजून बाकी. आणि कापूस लांब धाग्याच्या प्रतीत बसला नाही तर सुरुवातच खालच्या आकड्यापासून.

तपासा: वाढीचा मोह किती मोठा आहे हे मोजून बघा. सोयाबीनच्या ४३६ रुपयांच्या वाढीने सहा क्विंटलवर जास्तीत जास्त २,६१६ रुपये मिळतात. उतारा अर्धा क्विंटल घटला तर हमीभावानेच २,६६४ रुपये जातात. म्हणून उगवणशक्ती न तपासता घरचं बियाणं टाकणं, किंवा पुरेशी ओल नसताना पेरणं, हे भावाच्या चर्चेपेक्षा महागात पडतं. गोणपाटाच्या तुकड्यावर शंभर दाणे ठेवा, ओलं करून गुंडाळा, आठवडाभरात ७० उगवले तर ठीक. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा किंवा बियाणं बदला.

५. भावाने जमीन बदलत नाही

ही पायरी छोटी आहे, पण हिच्यावर हिशोब फेटाळला जाऊ शकतो. हलक्या, मुरमाड रानात कापूस कितीही भाव असला तरी बोंडं भरण्याच्या वेळी ओल सोडतो. चिबडणाऱ्या रानात तूर मर रोगाने जाते. तेच ते सोयाबीन वर्षानुवर्षं एकाच रानात घेतलं तर मूळकूज आणि चक्रीभुंग्याचा त्रास वाढतो आणि उतारा हळूहळू खाली येतो. चौथ्या पायरीत जिंकलेलं पीक तुमच्या रानाला मानवत नसेल तर दुसऱ्या क्रमांकाचं घ्या.

६. पेरा वाटून टाका

सगळं एका भावावर लावू नका. पाच एकर असेल तर सगळ्यात उपयोगी वाटणी पैशांच्या वेळेनुसार होते: दसरा-दिवाळीला पैसा देणारं एक, आणि जानेवारीपर्यंत थांबवता येईल असं एक. सोयाबीनमध्ये तूर ही जुनी जोडी याच कारणाने टिकली आहे. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही शिफारस कृषी विद्यापीठांची आहे. सोयाबीनच्या पैशांत घर आणि रब्बीची पेरणी भागते, तूर मग केंद्राच्या काट्यापर्यंत थांबू शकते.

ज्या पिकापुढे "फक्त नावाला" हा शेरा आहे ते घ्यायचंच असेल तर त्याचा हमीभाव कागदावरून खोडून टाका आणि बाजारभावावर जमतंय का ते बघा. जमत असेल तर खुशाल पेरा.

इशारा: राज्याने नंतर मदत दिली तर ती वरची समजा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. पण ते २०२४ मध्ये. अशा पैशावर पेरणी ठरवता येत नाही.

७. पेरणी झाली की लगेच नोंद

इतका हिशोब करून केंद्रावरून परत येणारे लोक बहुतेक इथे अडकलेले असतात.

ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून करा. शेतकऱ्यांसाठीची मुदत साधारण १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते; शेवटच्या दिवसांत अॅप रखडतं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर खरेदीची नोंदणीच होत नाही.

सगळ्यांत जास्त होणारी चूक आंतरपिकात होते. सोयाबीन-तूर पेरलेली असते, नोंदवताना घाईत फक्त सोयाबीन टाकलं जातं. ऑक्टोबरमध्ये काही बिघडत नाही. जानेवारीत तुरीची नोंदणी करायला गेल्यावर सातबाऱ्यावर तूर सापडत नाही आणि घरात भरलेली पोती ज्या भावाने जातील त्या भावाने विकावी लागतात. मिश्र पीक निवडा, दोन्ही पिकं टाका आणि प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं लिहा.

तपासा: नोंद केल्यावर काही दिवसांनी सातबारा काढून पीकपेऱ्याचा भाग वाचा. अॅपवर "यशस्वी" दिसलं एवढ्यावर थांबू नका.

सामाईक खातं असेल तर कोणाच्या नावाने माल जाणार हे भावाभावांत आत्ताच ठरवा. बटईदाराने जमीनमालकाशी पेरणीआधीच बोलून घ्यावं, कारण नोंद आणि पैसे सातबाऱ्यावरच्या नावाने जातात.

८. काढणी, ओलावा आणि थांबण्याची तारीख

नोंदणी उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच करा. शेतकरी ओळख क्रमांक, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि चालू हंगामाचा सातबारा लागतो. बँक खातं बंद पडलेलं नाही ना, हे बँकेत जाऊन विचारा. मोबाइल नंबर घरातल्या कोणाचा दिलाय हे लक्षात ठेवा. तारखेचा मेसेज त्याच नंबरवर येतो.

सोयाबीन १२ टक्के ओलाव्यापर्यंतच घेतात. मळणीतून थेट आलेला माल यात बसत नाही. ताडपत्रीवर हातभर उंचीचा ढीग लावून वरवर ऊन दाखवलं तर वरचा थर वाळतो आणि ग्रेडर नमुना पोत्याच्या पोटातून काढतो. दोन-तीन बोटांचा पातळ थर पसरा, दिवसातून तीन-चार वेळा पालटा, संध्याकाळी झाका. दाणा दाताखाली दबला तर अजून ओला आहे. कट्‌ कन फुटला की मग पोती भरा. त्याआधी चाळणी मारून माती, काडीकचरा, बारीक आणि फुटका दाणा वेगळा करा. तो निघालेला माल बाजारात वेगळा विका; चांगल्यात मिसळला तर अख्खी गाडी परत येते आणि भाडं दोनदा पडतं.

इशारा: २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोयाबीनला १५ टक्के ओलाव्यापर्यंत सूट दिली, पण ती नोव्हेंबरात आली, अनेकांचा माल विकून झाल्यावर. अशी सूट धरून माल ओला ठेवू नका.

पैशांची निकड असेल आणि केंद्र उघडलं नसेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळतं. सगळ्या समित्या ही योजना चालवत नाहीत, म्हणून ऑगस्टमध्येच विचारून ठेवा.

राहिला प्रश्न किती दिवस थांबायचं याचा. त्याचाही हिशोब होतो. चौथ्या पायरीतल्या उदाहरणात केंद्र आणि बाजार यांतलं अंतर १,०२८ रुपये आहे. १५० खर्च गेला, राहिले ८७८. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा ३ धरलं तर ४,३०० रुपयांच्या मालावर महिना १२९ रुपये जातात. वाळून दोन-तीन टक्के घट येते, ती साधारण शंभर रुपयांची. म्हणजे दोन-तीन महिने थांबणं परवडतं, पण मेसेज येणार असेल तरच. खरेदी किती लांबते याचा अंदाज मागच्या हंगामांवरून घ्या: २०२४-२५ ची सोयाबीन खरेदी मुदतवाढ मिळत मिळत ६ फेब्रुवारीला थांबली, आणि नोंदणी करूनही ज्यांचा नंबर आला नाही ते तसेच राहिले.

म्हणून एक तारीख आधीच लिहून ठेवा. डिसेंबरअखेर मेसेज नसेल तर केंद्रावर जाऊन आपला नंबर कितवा आणि रोज किती गाड्या मोजतात ते विचारा. उरलेल्या मुदतीत नंबर लागत नाही असं दिसलं तर अर्धा माल तेव्हाच काढा. अर्धा ठेवा, कारण मुदतवाढ मिळाली तर केंद्रावर न्यायला हातात काहीतरी हवं.